मळवटाचा रंग

"पिवळे पडणार होते ना हो तुमचे दिवे, इंजिनिअरसाहेब?"

तात्या खानविलकरांनी साऱ्या सभामंडपाला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं. देवस्थानाचे अध्यक्ष ते. मांडी घालून बसले तरी उभ्या माणसाएवढे वाटायचे.

"चार पावसाळ्यांमागं ह्याच खांबाला टेकून तुम्ही बोललात. एलईडीचा रंग काळानं बदलतो, पण घाबरू नका, हळूहळू पिवळसर होईल, निरांजनासारखा. आईचं कुंकू उलट जास्तच खुलेल. बोललात की नाही?"

"बोललो."

"मग बघा. आहे का काही पिवळं?"

मी गाभाऱ्याकडे बघितलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं. आमच्या माडवंडे गावच्या देवीची, आईची मूर्ती काळ्या पाषाणाची, आणि तिच्या कपाळभर कुंकवाचा मळवट. लहानपणी नानाकाकांच्या खांद्यावरून मी पहिल्यांदा पाहिला तो हा मळवट. जळत्या पळसासारखा. आता त्या जागी सुकलेल्या रक्ताचा डाग असावा तसं काहीतरी होतं. तपकिरी, मलूल. आणि वरून उजेड पडत होता तो पिवळा मुळीच नव्हता. शेवाळलेल्या विहिरीत खाली वाकून बघावं तसा हिरवट होता.

"नाही," मी म्हणालो. "पिवळा नाही."

"ऐकलंत?" तात्यांनी मंडळींकडे हात फिरवला. "दिवे खराब झाले असते तर पिवळे झाले असते, हे ह्यांचंच म्हणणं. पिवळे झालेले नाहीत, हेही ह्यांचंच म्हणणं. म्हणजे दोष दिव्यांत नाही. आता दोष कुठं आहे ते मी बोलत नाही. आईला ठाऊक."

बोलत नाही म्हणाले, आणि बोलताना उजव्या खांबाकडे बघितलं. त्या खांबाशी माझ्या उमाकाकू बसल्या होत्या. पांढरं नऊवारी, रिकामं कपाळ, मांडीवर दोन्ही हात. सगळ्या मंडपानं तिकडं बघितलं. काकूंनी मान खाली घातली नाही, पण त्यांची बोटं पदराचं टोक पिळत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा ती जागेवर आहे.

नानाकाका म्हणजे माझे चुलते, गोंधळेकरबुवा. नवरात्रात आईपुढं कीर्तनाची सेवा आमच्या घराकडे. ती काकांनी हयातभर केली. उमाकाकू मागं झांज धरायच्या, पद उचलायच्या, आणि बुवा आख्यानात रंगून रस्ता चुकले की हळूच पुढचा चरण सुरू करून त्यांना वाटेवर आणायच्या. काका गेले तेव्हा गावानंच म्हटलं, काकू, सेवा मोडू नका. काकू उभ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी पूर्वरंगात त्यांनी असं काही निरूपण केलं की भांडकुदळ म्हणून नावाजलेले दोन शेजारी उठताना एकमेकांच्या वहाणा सरळ करून देत होते. मी स्वतः पाहिलं आहे. त्यांचं कीर्तन ऐकून घरी गेलं की काही काळ तरी माणूस बरा वागायचा.

पुढं काकूंनी श्रावणातल्या सोमवारीही कीर्तन केलं. त्याच पावसात आईचा मळवट काळवंडू लागला. पहिल्यांदा बायकांच्या लक्षात आलं. करंड्यातलं कुंकू लालभडक, बाहेर मंडपात बायका एकमेकींना लावतात तेही लाल, आणि आईच्या कपाळी लावलं की काळं! डबा बदलला, दुकान बदललं, तरी तेच. मग कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस, त्यातून नवरा गेलेली, उंबऱ्याशी उभी राहून झांज वाजवते, आईला कसं रुचेल? हे कुणीतरी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. असलं बोलणाऱ्याला नाव नसतं.

तात्यांना ते आयतंच मिळालं. त्यांना कीर्तनाच्या वेळेत डबलबारी भजनं ठेवायची होती. दोन बुवा समोरासमोर, मोठे भोंगे, दारात कमान आणि कमानीवर तात्यांचा फोटो. मलाही डबलबारी आवडते, तिच्याशी माझं वैर नाही. पण त्यासाठी एका बाईच्या कपाळावर डाग लावायचा?

मी पुण्याला दिवे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. गाभाऱ्यातले दिवे माझ्याच सांगण्यावरून बसवले होते, समईच्या काजळीनं चांदीची प्रभावळ काळी पडते म्हणून. काकूंचा फोन आला तेव्हा त्या दिव्यांबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दिगू, तुला काय वाटतं रे? माझ्या हातून खरंच काही घडलं असेल का?"

ज्या बाईनं शेकडो माणसांना देव दयाळू आहे म्हणून गाऊन सांगितलं, तिला तो आपल्यावरच कोपला असेल अशी धास्ती वाटावी! मी त्याच दिवशी एसटीत बसलो. घटस्थापना तोंडावर होती, आणि सेवा कुणाची ते ठरवायला तात्यांनी सकाळी गावाला देवळात बोलावलं होतं.

तर तात्या म्हणाले, आईला ठाऊक. मी उठून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेलो आणि त्या उजेडात माझा तळहात धरला. हात माझाच, पण पाण्यात बुडालेल्या माणसाचा वाटला. शेजारी ओटी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भागीला म्हटलं, "आजी, तुमचा पदर जरा पुढं करा." तिचं लुगडं डाळिंबी. पदर उजेडात गेला आणि मातकट दिसू लागला.

"अगे बाय!" म्हातारी पदर मागं ओढून म्हणाली. "माझा काय चुकला?"

दोघंतिघं हसले. मी नाही हसलो. कारण मला कळलं होतं.

"तात्या, माझा अंदाज चुकला. पण दिवेच बिघडलेत," मी म्हणालो. "आपण पांढरा म्हणून घेतो तो दिवा मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळ्या आणि तांबड्या भुकटीचा लेप असतो. सगळं मिळून पांढरं. पुढं रंग कसा बदलेल ते कुठला लेप आधी मरतो त्यावर. आमच्याकडे दिवे कोरड्या भट्टीत जळत ठेवतात, मधूनमधून रंग मोजतात, आणि त्यावरून पुढचं सांगतात. तिथं ते पिवळेच पडत होते. पण आमच्या भट्टीत रोज अभिषेक होत नाही. इथं खिडकी नाही, पावसात भिंती घाम टाकतात, पाण्याची वाफ दिव्यात शिरते. ओलीनं तांबडा लेप मेला. आणि उजेडातच तांबडं नसेल तर कुंकू तांबडं दिसणार कुठून?"

मला वाटलं, सरळ सांगितलं. मग तात्या हसले.

"वा! म्हणजे तेव्हा पिवळे होणार हे शास्त्र, आता हिरवे झाले हेही शास्त्र. उद्या निळे झाले तर त्यालाही तुमच्याकडे भट्टी असेलच. दिगंबरपंत, आमच्या ज्योतिषालासुद्धा एवढी सूट नसते हो!"

मंडप खदखदून हसला. आणि हसला की लोकांचं ठरलं, हे मला कीर्तनात बसून बसून माहीत होतं.

"ऑफिसची किल्ली द्या," मी म्हणालो. "गाभाऱ्याचं बटण तिथं आहे. दिवे घालवू, एक निरांजन लावू, आणि बघू."

"नवरात्राच्या तोंडावर आईपुढं अंधार करायचा?" तात्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "ते पाप माझ्याच्यानं होणार नाही. उगाच वाद कशाला? कौल लावू. आईच सांगेल."

कौल म्हटल्यावर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मीही कौल मानतो. माझ्या नोकरीचा, लग्नाचा कौल तिथंच लागला. म्हणूनच पुढं जे झालं ते मला सोसवलं नाही.

रघूदा गुरव सोवळं सावरत पुढं आला. पन्नाशीचा, वाळका, भिडस्त माणूस. तात्यांनी त्याला जवळ घेऊन कानात काहीतरी सांगितलं. रघूदानं एकदा काकूंकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग कळ्या लावून, हात जोडून त्यानं आवाज काढला,

"बा आई माउली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका तोंडानं.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या उमाबायेच्या हातसून जो काय दोष घडलो आसा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो पोटात घालून तिका माफ करतलंस, तर उजवो दी. आणि माफ करूचो नसात, तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय..."

"थांबा!"

देवळात आवाज चढवण्याची माझी ती पहिली वेळ. भिंतींवर आपटून तो परत आला तेव्हा मलाच परका वाटला.

"रघूदा, हात खाली घे. हा कौल नाही, हा सापळा आहे! उजवी पडली तरी काकूंनी दोष केला, डावी पडली तरी काकूंनी दोष केला. दोष घडला का, हे आईला विचारलंच नाही तुम्ही. ते तुम्हीच ठरवून टाकलंत, आणि आता तिच्या तोंडून वदवून घेताय! माणसाला खोटी साक्ष द्यायला लावली तर तुरुंग असतो. तुम्ही देवीला लावताय!"

"आवाज खाली," तात्या उठून उभे राहिले. "पुण्याचं पाणी दाखवू नका इथं."

"पाणी इथलंच आहे, ह्याच गाभाऱ्यातलं, म्हणून तर दिवे मेले!"

"बाहेर काढा रे ह्याला!"

दोघं उठले. एकानं माझा दंड धरला. मी झटकला. मी त्याला मारलं असतं. देवीसमोर मारलं असतं, इतका मी पेटलो होतो.

"दिगू, खाली बस."

काकू उठल्या होत्या. त्या आवाजाला माईक कधी लागला नाही. दंड धरणाराही मागं सरला. काकू मंडपाच्या मधोमध आल्या. कीर्तनाला त्या जिथं उभ्या राहायच्या, बरोबर त्या जागी.

"रघू," त्या म्हणाल्या. "इकडं बघ. मी तात्यांना काही विचारत नाही, तुलाच विचारते. ऑफिसची किल्ली तात्यांच्या घरी असते ना?"

"व्हय, काकी."

"आणि ऑफिस उघडतं तेव्हा तुझी पहाटेची पूजा होऊन गेलेली असते."

रघूदानं मान डोलावली.

"मग पहाटे गाभाऱ्यात दिवे कोण लावतं?"

"दिवे नसतत, काकी. निरांजन असता हातात."

"मळवट तूच भरतोस?"

"मीच."

"त्या निरांजनाच्या उजेडात, रघू, आईचं कुंकू तुला कसं दिसतं?"

रघूदानं तात्यांकडे बघितलं.

"माझ्याकडे बघ. त्यांच्याकडे नको."

"लाल," रघूदा म्हणाला. "लालच दिसता, काकी. रोज. लालभडक."

मंडपात कुजबुजीची लाट गेली. मला वाटलं होतं ह्या माणसांची चूक झाली आहे. साधी, भोळी चूक, दिवे बिघडले म्हणून झालेली. पण चूक नव्हतीच ती. अख्खा पावसाळा एक माणूस रोज पहाटे खरा रंग बघत होता, आणि रोज सकाळी बाहेर येऊन गप्प बसत होता.

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलो.

"बोललंय. तात्यांका बोललंय," रघूदा रडायला लागला. "ते म्हणाले, निरांजनाच्या मिणमिण्या उजेडात तुका काय दिसतला? खरां ता ह्या मोठ्या उजेडातला. म्हणाले, गाभारो सांभाळूचो आसा मा तुका? मग तोंड सांभाळ."

आता सगळे तात्यांकडे बघत होते. भागी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "किल्ली दी रे, बाबा."

तात्यांनी किल्ली दिली. म्हणजे माझ्या अंगावर फेकली. मी ऑफिस उघडलं, बटण खाली केलं आणि धावत परत आलो. गाभारा काळोखला. त्या काळोखात रघूदानं निरांजन पेटवलं, वात वर ओढली आणि ते आईच्या तोंडासमोर धरलं.

लाल. कसा लाल म्हणून सांगू! नानाकाकांच्या खांद्यावरून दिसला होता तसाच. बायकांच्या तोंडून एकदम उद्गार निघाला. कुणी हात जोडले, कुणी रडलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं असतं, पण तेवढ्यात तात्या खानविलकरांनी पुढं होऊन घंटेचा दणदणाट केला.

"बघा! बघा रे!" ते ओरडले. "आईनं माफ केलं! उमाकाकूंचा दोष पोटात घातला आईनं! बोला, आई माउलीचा..."

"उदो!" मंडप गरजला.

मी खुळ्यासारखा उभा राहिलो. हातात किल्ली, समोर लाल कुंकू, सगळं उघड झालेलं, आणि एवढ्या सगळ्यातून तो माणूस असा सुळकन निसटला! लोकही किती खुशीत त्याच्यामागून गेले! त्यांनाही तेच हवं होतं. काकूंना माफी मिळाली की कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

"काकू, आता झालं गेलं विसरा," तात्यांनी हात जोडले, चेहऱ्यावर हसू. "आईची ओटी भरा, दोष फिटला म्हणून एक नारळ ठेवा, आणि सेवा खुशाल चालू करा. माझी कसली आडकाठी?"

भागी म्हातारीनं आपल्या ताटातला नारळ काकूंपुढं धरला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. काकूंना सेवा हवी होती, जिवापाड हवी होती, हे मला माहीत होतं. एक नारळ. घेतला असता तर मीही काही बोललो नसतो.

काकूंनी नारळाला हात लावला नाही.

"दोष फिटला म्हणून नारळ ठेवायचा, तर आधी दोष घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "मी रात्र रात्र बसून शोधला तो. कुठं चुकले, काय चुकले, आई का रुसली. मला सापडला नाही. कारण नव्हताच. रघू, गाऱ्हाणं घाल."

"आता कसला?"

"मी सांगते तसं."

रघूदानं डोळे पुसले. काकू एकेक वाक्य सांगत गेल्या, तो आपल्या बोलीत म्हणत गेला.

"बा आई माउली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे म्हणाले.

"ह्या उमाबायेर आमी खोटो आळ घेतलो, म्हाराजा!"

कुणीच काही बोललं नाही. गाऱ्हाण्यात होकार आला नाही, असं त्या देवळात कधी झालं नसेल. रघूदा हात जोडून तसाच उभा. काकूही तशाच. मग भागी म्हातारी चाचरत म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्यामागून दोघी बायका. मग माझा दंड धरला होता तो गडी, मान खाली घालून. मग एकेक करत सगळा मंडप.

"दोष तुझो नाय, तिचो नाय, आमचो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला मोठ्यानं.

मी तात्यांकडे बघत होतो. त्यांचे ओठ मिटलेले होते.

काकूही तिकडंच बघत होत्या. "तात्या, तुमचा होकार ऐकला नाही मी."

"सगळे म्हणाले, त्यात मी आलो."

"आला असाल. मला ऐकायचाय."

तात्यांनी वहाणांकडे बघितलं. पण वाटेत अख्खा गाव बसला होता आणि कुणी सरकेना. त्यांनी घसा खाकरला आणि पुटपुटले. घशातल्या घशात, माशी गुणगुणावी तसं.

"आईनं ऐकलं," काकू म्हणाल्या. "मी नाही ऐकलं. परत."

"व्हय म्हाराजा!" तात्या ओरडले. रागानं लालबुंद होऊन ओरडले, पण ओरडले.

काकूंनी वाकून उंबऱ्याला डोकं टेकलं. किती तरी वेळ त्या वाकलेल्याच होत्या. उठल्या तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचला आणि मंडळींकडे तोंड केलं.

"घटस्थापनेला कीर्तन नेहमीच्या वेळेला. दिवे दिगू बदलून देईल, नाही जमलं तर समई आहे. सगळ्यांनी या. आणि तात्या, तुम्ही पुढं बसायचं. मागून तुमचा आवाज पोचत नाही."